हाड भरून येईपर्यंत

भाच्याच्या दंडाच्या हाडात पोकळी आहे हे कळलं, ते तो गोठ्यापुढच्या कट्ट्यावरून पडला म्हणून. कट्टा गुडघाभर उंचीचा. नऊ वर्षांची पोरं दिवसातून दहादा तिथून उड्या मारतात. याचा मात्र हात मोडला. पलूसहून मिरजेला आणलं, एक्स-रे काढला, आणि खांद्याच्या जरा खाली हाडाच्या आत आवळ्याएवढी काळी जागा दिसली. तिथे हाड अंड्याच्या टरफलासारखं पातळ झालं होतं. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरांनी सगळ्यात आधी सांगितलं की हा कॅन्सर नाही. वाढत्या वयातल्या मुलांच्या हाडात, मुलग्यांच्या जरा जास्तच, अशी पाण्याने भरलेली साधी गाठ होते. ती दुखत नाही, म्हणून कळत नाही. किरकोळ धक्क्याने हाड मोडतं तेव्हाच ती उघडी पडते.

आधी मोडलेला हात जुळू दिला. मग पोकळी खरवडून भरायची ठरली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला एक छोटी सीलबंद बाटली दाखवली. आत पांढरे खडे, साबुदाण्याहून बारीक, जरा ओबडधोबड. ताईच्या सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "डाक्टर, ह्यो चुना हाय का वो?"

"चुन्याच्या घरातलाच आहे आजी, पण चुना नाही."

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. बाटलीत होतं तसलं पांढरं आम्ही दरवर्षी प्रयोगशाळेत मुलांबरोबर तयार करतो, अर्थात शिकण्यापुरतं. तरी त्या उत्तराएवढं नेमकं उत्तर मला पंधरा वर्षांत वर्गात देता आलं नव्हतं. तेच आता जरा सविस्तर सांगतो.

हाड म्हणजे नेमकं काय, हे घरी बघता येतं. कोंबडीच्या तंगडीचं स्वच्छ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मधे एकदोनदा व्हिनेगर बदला. चार-पाच दिवसांनी बाहेर काढलं तर आकार तोच असतो, पण हाड रबरासारखं वाकतं. आम्लाने त्यातलं खनिज विरघळून गेलेलं असतं आणि उरलेलं असतं कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं जाळं. उलट बाजूही आपल्या ओळखीची आहे. संगम माहुलीला किंवा हरिपूरला कृष्णेकाठी अस्थी सावडायला जे गेले आहेत त्यांनी ती हातात घेतलेली असते. आगीत कोलॅजन जळून जातं आणि मागे राहतं ते फक्त खनिज: पांढरं, हलकं, बोटांत धरलं तर चुरा होणारं. जिवंत हाडात ही दोन्ही एकमेकांत विणलेली असतात. जुन्या वाड्यांच्या गिलाव्यात चुन्याबरोबर ताग कुटून घालत, तसं. एकट्या चुन्याला तडे जातात आणि एकटा ताग उभा राहत नाही.

वजनाने हाडाचा साधारण ६० ते ७० टक्के भाग हे खनिज असतं. त्याचा जवळचा रासायनिक भाऊ म्हणजे हायड्रॉक्सिॲपटाइट: कॅल्शियमचे १० अणू, फॉस्फेटचे ६ गट आणि हायड्रॉक्सिलचे २ गट अशी त्याची रचना. कळीच्या म्हणजे भाजक्या चुन्यात पाणी घातलं की तो फुटून जी निवळी होते, तिच्यातही कॅल्शियम आणि हायड्रॉक्सिल असतं. त्यात फॉस्फेट मिळालं की हाडाच्या खनिजाची वाट सुरू होते. चुन्याच्या घरातलं म्हणायचं ते यासाठी.

आणि हा संसार आपल्या जिल्ह्यात रोज टनावारी चालतो. साखर कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करताना त्यात चुन्याचं द्रावण सोडतात. रसातलं फॉस्फेट कमी पडत असेल तर फॉस्फोरिक ॲसिडही घालतात. दोन्ही भेटले की कॅल्शियम फॉस्फेटचा मऊ पांढुरका साका तयार होतो आणि तो मळ कवेत घेऊन क्लॅरिफायरच्या, म्हणजे रस निवळायच्या टाकीच्या, तळाशी बसतो. तोच पुढे प्रेसमड नावाच्या मळीतून शेतात जातो. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील नाहीतर चुलते कारखान्यात असतात. त्यांना हे सांगितलं की हायड्रॉक्सिॲपटाइट हा शब्द एकदम परका राहत नाही.

तरीही प्रश्न उरतोच: हाडात घालायला माणसाचंच हाड का नको?

खरं तर तेच सगळ्यात चांगलं. कमरेच्या हाडाच्या काठावरून थोडं हाड काढून पोकळीत भरतात, आणि आजही सगळे कृत्रिम पदार्थ याच्याशीच तोलले जातात. कारण त्या हाडात जिवंत पेशी असतात, नवं हाड रचायला लावणारी प्रथिनं असतात आणि खनिज तर असतंच. पण त्यासाठी दुसरीकडे जखम करावी लागते. ती कधी कधी मूळ जखमेपेक्षा जास्त दिवस दुखते. शिवाय नऊ वर्षांच्या मुलाच्या कमरेत काढण्यासारखं हाड असणार किती? दुसरा मार्ग म्हणजे मृत दात्याचं, तपासून आणि प्रक्रिया करून बँकेत ठेवलेलं हाड. ते वापरतात, पण जंतुसंसर्गाची काळजी फार काटेकोरपणे घ्यावी लागते आणि प्रक्रियेत त्यातला जीव जातो. म्हणून तयार बाटलीतला, हवा तेवढा, नेहमी एकाच दर्जाचा खडा हवासा वाटतो.

हा शोध जुना आहे. १८९२ मध्ये ड्रेसमन नावाच्या जर्मन सर्जनने हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याची नोंद आहे. पुढे बराच काळ विचार असा होता की शरीरात घालायची वस्तू निमूट असावी. गंजू नये, विरघळू नये, शरीराशी काही बोलू नये. १९७० मध्ये फ्रान्समध्ये पिएर बुतँ यांनी खुब्याच्या सांध्यासाठी ॲल्युमिना हे सिरॅमिक, म्हणजे चिनीमातीसारखा भाजून घट्ट केलेला पदार्थ, वापरलं, ते याच विचाराने. सांध्याच्या घासणाऱ्या पृष्ठभागासाठी हा विचार आजही बरोबर आहे. हाड भरायचं असलं की मात्र तो तोकडा पडतो. कारण निमूट वस्तूभोवती शरीर एक पातळ चिवट पडदा विणतं आणि तिला बाजूला ठेवतं. पाहुणा घरात आहे, पण ओसरीवर.

तो पडदा ओलांडणारा पहिला पदार्थ काच होता, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. १९६७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातले सिरॅमिकतज्ज्ञ लॅरी हेंच एका परिषदेला बसने चालले होते. शेजारी व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेला एक कर्नल होता. त्याने सांगितलं, की धातू आणि प्लॅस्टिक शरीर स्वीकारत नाही म्हणून सैनिकांचे हातपाय कापावे लागतात. माणसाच्या शरीरात टिकेल असं काही तुम्हाला करता येईल का? हेंच यांनी विचार उलटा फिरवला. हाडात हायड्रॉक्सिॲपटाइट आहे, तर ज्याच्या अंगावर तेच आपोआप उगवेल असा पदार्थ करून बघू. १९६९ मध्ये त्यांनी जी काच केली तिच्यात वजनाने ४५ टक्के सिलिका, प्रत्येकी २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड आणि कॅल्शियम ऑक्साइड, आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड होतं. उंदरांच्या मांडीच्या हाडात तिचे तुकडे बसवले. सहा आठवड्यांनी बघितलं तर तुकडे हाडातून निघेनात. हाड त्यांना चिकटलं होतं. या काचेलाच बायोग्लास म्हणतात.

चिकटतं कसं? काचेतलं सोडियम भोवतालच्या द्रवात उतरतं, पृष्ठभागावर सिलिकाचा जेलीसारखा थर उरतो, त्यावर रक्तातलं आणि काचेतलं कॅल्शियम-फॉस्फेट येऊन बसतं आणि हळूहळू त्याचे हाडासारखे स्फटिक होतात. कोलॅजनचे धागे त्यात गुंततात. म्हणजे शरीराला तिथे काच दिसतच नाही, त्याला स्वतःचंच खनिज दिसतं. पुढे क्योतोतल्या तादाशी कोकुबो यांनी रक्तद्रवातल्या क्षारांसारखंच मिश्रण प्रयोगशाळेत बनवलं. नवा पदार्थ त्यात शरीराच्या तापमानाला बुडवून ठेवायचा आणि पृष्ठभागावर ॲपटाइट, म्हणजे हाडासारखं खनिज, उगवतं का ते बघायचं. आजही जगभर पहिली चाचणी हीच करतात. मात्र तिच्यात पास झालेला प्रत्येक पदार्थ हाडातही पास होतो, असं नाही. विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना हा उतावीळपणा मला वारंवार दिसतो, म्हणून मुद्दाम लिहितो.

आता आमच्या प्रयोगशाळेकडे येतो, कारण हा विषय खरा कळतो तो हात पांढरे झाल्यावर. मुलं अंडाबुर्जीच्या गाड्यांवरून टरफलं गोळा करून आणतात. टरफल म्हणजे जवळजवळ ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट. आतला पापुद्रा काढायचा, धुवायचं, वाळवायचं, आणि ९०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवायचं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, वजन जवळपास निम्म्यावर येतं आणि हाती लागतो कळीचा चुना. तो पाण्यात विरवायचा. मग ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या काचेच्या मापनळीतून, फॉस्फोरिक ॲसिड थेंब थेंब सोडायचं, ढवळणं थांबवायचं नाही, आणि पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, १० च्या खाली घसरू द्यायचा नाही. घसरायला लागला की अमोनिया. पातेल्यात दह्यासारखा साका जमतो. तो रात्रभर मुरवायचा, धुवायचा, गाळायचा, वाळवायचा, खलात घोटायचा, साच्यात दाबून गोळी करायची आणि ११००-१२०० अंशांपर्यंत भाजायची. भाजताना कण वितळत नाहीत, पण जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथे जोडले जातात आणि गोळी आकसून घट्ट होते. कुंभाराचं मडकं आणि आमची गोळी या बाबतीत सख्खी भावंडं.

सगळी मेख मापात आहे. कॅल्शियमचे १० अणू आणि फॉस्फरसचे ६, म्हणजे प्रमाण १.६७. ते साधलं तर भाजल्यावर हायड्रॉक्सिॲपटाइट मिळतं. ॲसिड जास्त पडून प्रमाण १.५ वर आलं, तर तोच पांढरा साका भट्टीत गेल्यावर ट्रायकॅल्शियम फॉस्फेट होऊन बाहेर येतो. डोळ्यांना फरक शून्य. पण एक शरीरात वर्षानुवर्षं राहतो आणि दुसरा सहा महिने ते दोन वर्षांत बऱ्यापैकी विरघळून जातो. ब्युरेटची तोटी थोडी सैल सुटली तर पदार्थाचं नशीब बदलतं.

चुना जास्त राहिला तर काय होतं, हे वीटभट्टीवाल्यांना विचारावं. मातीत चुनखडीचा खडा राहून गेला तर वीट भट्टीतून छान लाल निघते, खणखणीत वाजते. पहिल्या पावसात मात्र तो भाजलेला खडा पाणी पितो, फुगतो आणि विटेचं टवकं उडवतो. आमच्या गोळ्यांचं एका वर्षी अगदी हेच झालं. शुक्रवारी धडधाकट गोळ्या कपाटात ठेवल्या आणि सोमवारी त्यांचे तुकडे सापडले. मुलं हिरमुसली. मी फिनॉल्फ्थॅलिनचे, म्हणजे अल्कली भेटली की गुलाबी होणाऱ्या द्रवाचे, थेंब टाकायला सांगितले आणि तुकड्यांवर गुलाबी डाग उमटले. मोकळा चुना. पोरांच्या हातून सुटलेला, पण तपासायचा राहिला माझ्याच हातून. हाडात असा चुना गेला तर खडा फुटेलच, शिवाय भोवतीचा द्रव इतका दाहक होईल की तिथे पेशी जगणारच नाहीत. पदार्थ हाडासारखा आहे म्हणून तो शरीराला आपोआप मानवतो, हा समज किती चुकीचा आहे ते त्या गुलाबी डागांनी मुलांना कायमचं शिकवलं.

माप साधलं, भाजणं साधलं, तरी घट्ट गोळी कामाची नाही. हाडाला तिच्या आत शिरायला जागाच नसते. म्हणून छिद्रं हवीत, आणि छिद्रं करायची युक्तीही विटेचीच आहे. वीटवाले मातीत भाताचं तूस मिसळतात. भट्टीत तूस जळून जातं आणि त्याच्या जागी पोकळी राहते. सिरॅमिकच्या पावडरीतही असेच जळून जाणारे बारीक कण किंवा मेणाचे गोळे मिसळतात. दुसरी रीत म्हणजे स्पंज सिरॅमिकच्या रबडीत बुडवून भाजायचा. स्पंज जळतो आणि त्याचा सांगाडा सिरॅमिकमध्ये उरतो. अलीकडची रीत त्रिमितीय छपाईची. तिथे सिरॅमिकची घट्ट पेस्ट बारीक नळीतून धाग्याधाग्याने सोडतात, एकावर एक आडवे-उभे थर देत. सोऱ्यातून कुरडई घालण्यासारखंच, फक्त प्रत्येक वेढा संगणकाने ठरवलेला. भाजताना हे सगळं आकसतं हे धरून मूळ आकार मोठा ठेवावा लागतो.

छिद्र किती मोठं? मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर हाडाला आत यायला निदान १०० मायक्रॉनचं दार लागतं, आणि ३०० च्या पुढे असेल तर रक्तवाहिन्याही सुखाने शिरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दारं एकमेकांत उघडणारी हवीत. हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ ढासळली, पण जुन्या माणसांना ठाऊक आहे: पेवाचं तोंड उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही. आतली हवा कोंडलेली असते, प्राणवायू नसतो, उतरलेला माणूस परत येत नाही. बंद छिद्रांच्या सिरॅमिकमध्ये पेशींचं हेच होतं. रक्ताच्या केशवाहिनीपासून एक-दोन केसांच्या जाडीइतकं लांब गेलं की पेशीला प्राणवायू पुरत नाही. म्हणून प्रत्येक पोकळी शेजारच्या पोकळीशी जोडलेली असावी लागते. मला विचाराल तर रसायनापेक्षाही हा वाटा-वाहिन्यांचा प्रश्नच या विषयाचं काळीज आहे. मोठी पोकळी भरायची वेळ येते तेव्हा बहुतेक पदार्थ मधोमध हरतात, कारण मध्यापर्यंत रक्त पोहोचत नाही.

पण छिद्रं वाढवली की ताकद जाते. आपलं बाहेरचं घट्ट हाड १०० ते २०० मेगापास्कल दाब सोसतं, आतलं जाळीदार हाड त्याच्या एका लहान अंशाइतकाच. सच्छिद्र सिरॅमिक या जाळीदार हाडाच्या पंगतीत बसतं. वर ते ठिसूळ. हाडात तडा गेला तर कोलॅजनचे धागे त्याला अडवतात, सिरॅमिकमध्ये तो सरळ आरपार जातो. त्यामुळे मांडीचं हाड मोडून मधला तुकडाच गेला असेल तर नुसते खडे भरून माणूस चालवता येत नाही. भार धातूची पट्टी किंवा सळई घेते आणि सिरॅमिक फक्त जागा भरतं. भाच्याच्या बाबतीत हे सोपं होतं. दंडावर शरीराचा भार नाही, चारी बाजूंनी त्याचं स्वतःचं हाड आहे, आणि वय नऊ.

आता त्या विरघळण्याकडे परत येऊ. हाड ही कायम चालू असलेली बांधकामाची जागा आहे. काही पेशी, ऑस्टिओक्लास्ट, आम्ल सोडून जुनं हाड विरघळवतात. ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी तिथे नवं रचतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा बदलला जातो. आपण घातलेल्या खड्यालाही याच हातांतून जायचं असतं. घराचा स्लॅब ओतताना सेंटरिंग लावतात तसा तो खडा आहे. सेंटरिंग चार दिवस आधी काढलं तर स्लॅब खाली बसतो. काढलंच नाही तर खोलीत कुणाला राहता येत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ते काही आठवड्यांतच विरघळतं. तेवढ्यात नवं हाड आलेलं नसतं. हायड्रॉक्सिॲपटाइटचं उलट, ते तसंच बसून राहतं. म्हणून दोघांमधलं साधायला हायड्रॉक्सिॲपटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मिसळून भाजतात. पहिला आधार धरून ठेवतो, दुसरा जागा मोकळी करत जातो. भाच्याच्या बाटलीत असंच मिश्रण होतं.

याचा अर्थ लवकर विरघळणारा पदार्थ वाईट असा नाही. हाडात पू झालेला असेल तर कॅल्शियम सल्फेटच्या मण्यांत प्रतिजैविक मिसळून तिथे ठेवतात. मणी विरघळत जातात तसं औषध बरोबर त्याच जागी सुटत राहतं, आणि मणी काढायला पुन्हा ऑपरेशन लागत नाही. जे एका ठिकाणी खोट ठरलं तेच दुसऱ्या ठिकाणी गुण. १९८० च्या दशकात अमेरिकेत ब्राउन आणि चाव यांनी कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट तयार केलं. ते ओलं असताना हव्या त्या आकारात दाबता येतं आणि शरीराच्या तापमानाला आत घट्ट होऊन शेवटी ॲपटाइट बनतं. वेड्यावाकड्या खळग्यासाठी ते खड्यांपेक्षा सोयीचं.

नैसर्गिक हाडाचं खनिज आमच्या गोळीइतकं शुद्ध कधीच नसतं. त्यात काही टक्के कार्बोनेट असतं, थोडं मॅग्नेशियम, सोडियम, किंचित जस्त. त्याचे स्फटिक काही नॅनोमीटर जाडीचे, म्हणून ते पेशींना पटकन विरघळवता येतात. आमचं भाजलेलं ॲपटाइट त्यापुढे दगड आहे. सध्याच्या संशोधनाचा मोठा भाग ही अशुद्धता जाणूनबुजून परत आणण्यात खर्च होतो: सिलिका, स्ट्रॉन्शियम, मॅग्नेशियम योग्य मात्रेत मिसळायचं आणि हाड रचणाऱ्या पेशी जास्त उत्साहाने कामाला लागतात का ते बघायचं. आपल्याकडे तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था आणि कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था यांचं या क्षेत्रातलं काम बरंच जुनं आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलांनी तिकडे जावं, असं मला मनापासून वाटतं. भट्टी, चुना आणि माती यांची इतकी जवळची ओळख घेऊन येणारी मुलं सगळीकडे नसतात.

प्रयोगशाळेतून दवाखान्यात जायचा रस्ता मात्र लांब आहे आणि तो लांबच असावा. आधी पेशींवर चाचण्या, मग प्राण्यांवर, मग माणसांवर. मिसळलेले जड धातू, जंतूंचे उरलेले विषारी अंश, निर्जंतुकीकरण, प्रत्येक घाण्याचं प्रमाण सारखं आहे का, सगळं तपासायचं. भारतात अशा वस्तू २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात. आमच्या गोळ्या दिसायला त्या बाटलीतल्या खड्यांसारख्याच असतात. दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतो की सर, ही आपण दवाखान्याला देऊ शकतो का? मी त्याला ते फिनॉल्फ्थॅलिनचे डाग आठवायला सांगतो. आणि कुणी टरफलाची पूड खाऊन मोडलेलं हाड लवकर जुळवायला निघालं असेल तर त्याच्यासाठी: पोटात गेलेलं कॅल्शियम आणि हाडाच्या पोकळीत आधार म्हणून बसवलेलं कॅल्शियम, ही दोन वेगळी कामं आहेत.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट आजींसमोरच सांगितली. ती मुलासाठी नव्हती, घरातल्या मोठ्यांसाठी होती. विडी, सिगारेट ओढणाऱ्यांचं हाड उशिरा जुळतं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि रक्त पोहोचलं नाही तर कितीही भारी सिरॅमिक आत ठेवा, ते नुसता खडा म्हणून राहतं. आजींनी मिश्रीची डबी पदराआड सरकवली. कुणी काही बोललं नाही. पण त्या तेरा महिन्यांनी घसरून पडल्या आणि मनगट मोडलं, तेव्हा त्यांनी डबी आपणहून ताईच्या हातात दिली.

ऑपरेशन तासाभराचं झालं. पहिल्या एक्स-रेमध्ये काळ्या जागेच्या ठिकाणी पांढऱ्या ठिपक्यांची दाटी दिसली, एक एक खडा वेगळा मोजता येईल अशी. तीन महिन्यांनी ठिपक्यांच्या कडा पुसट झाल्या होत्या आणि बाहेरच्या पातळ भिंतीला जाडी आली होती. चौदाव्या महिन्यात आम्ही परत मिरजेला गेलो. फिल्म दिव्यासमोर धरून डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने हाडाच्या रेषा दाखवल्या. आडव्या-तिडव्या, जाळीदार, जिथे वर्षापूर्वी नुसती पोकळी होती तिथूनच जाणाऱ्या. खालच्या बाजूला पाच-सहा ठिपके अजून उठून दिसत होते.

"खडं गेलं कुटं?" आजींनी विचारलं. हातावर प्लास्टर होतं, तरी त्या पुढे वाकून बघत होत्या.

"थोडे विरघळून रक्तातून गेले, थोडे त्याच्याच हाडात लागले. हे एवढे अजून आहेत."

"मग ते काढायचं?"

"नको आजी. राहू देत. पुढच्या वर्षी परत बघू."

भाच्याने तेवढ्यात विचारून घेतलं की नदीत पोहायला चालेल का. चालेल म्हणाले, पण पूल आणि कट्टे वगळून.